नारळ न आणणारे

२२ मे १९८३
आयकराचा फॉर्म आणला. दोन प्रती, एक कच्ची, एक पक्की. खाणीच्या स्टोअरातले बाकी सगळे वकिलाकडून भरून घेतात. मी सातवीपर्यंत शिकलेला, माझा मी भरतो. आजवर खाडाखोड नाही.
पगार लिहिला. पोस्टातलं व्याज लिहिलं. 'इतर उत्पन्न' या ओळीवर पेन थांबलं. वारासिवनीच्या राइस मिलवाल्या शेठचा चेक. पाचशे एक. फेब्रुवारीत त्यांना विहिरीची जागा दाखवली होती. पाणी लागलं, भरपूर लागलं.
वीस वर्षं लोकांना जागा दाखवतो. मागत काही नाही. पाणी लागलं की माणूस नारळ घेऊन घरी येतो. कधी धोतरजोडी, कधी हातात एखादी नोट. हे उत्पन्न असं कधी मनात आलं नाही. पण चेक शेठच्या वहीत चढला, माझ्या बँकेत चढला. तिथे आहे ते इथेही पाहिजे.

२४ मे
तिवारी वकील पानठेल्यावर भेटले. सल्ला नाही, सहज विचारलं.
"अरे भाईसाहब, आकस्मिक आय लिख दीजिए। इतनी रकम तक माफ है।"
आकस्मिक म्हणजे?
"जैसे लॉटरी लग गई। जैसे रास्ते में पड़ा मिल गया।"
म्हटलं, रस्त्यात नाही मिळालं. जमिनीत मिळालं, तेही शोधून. हसले. मग म्हणे नहीं तो हुनर की कमाई लिखिए, टॅक्स भी दीजिए, आणि नोकरीत राहून दुसरा धंधा कैसे, याचा जवाब खाणीच्या ऑफिसला द्या. वरून, "और वो उकवा वाली बकरी? वो किस खाने में लिखेंगे?" पानठेलेवालाही दात काढून हसला.
उकवा गावच्या एकाने पाणी लागल्यावर बकरी दिली होती हे खरं. मी ती दुसऱ्याच दिवशी परत पाठवली हेही खरं. ते कोणी सांगत नाही.

२५ मे
आकस्मिक! वारूळ कुठं आहे, उंबर कोणत्या अंगाला झुकला, दुपारी ढोरं कुठं बसतात, पहाटे धुकं कुठं रेंगाळतं. तळहातावर नारळ उभा करून शेतात फिरणारे वेगळे. मी पाहून पाहून शिकलो. जुन्या ओव्हरसियरसाहेबांची इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. माझ्या खुणेवर विहीर कोरडी गेली असं एक उदाहरण नाही.
कर भरीन. ऑफिसला जवाब देईन. तो शब्द लिहिणार नाही.

२९ मे
किरनापूर. सौ.चा धाकटा भाऊ भाऊराव माझ्या खुणेवर विहीर खणतो आहे. धानाच्या शेतातली एक बांधी विकून काम काढलं. मी तीस हातांच्या आत पाणी सांगितलं होतं. पंचवीस हातांवर काळा खडक लागला. दोराने खाली उतरलो, हात लावून पाहिला. कोरडा. ओल नाही, पाझर नाही.
वर आलो तर सगळे मजूर माझ्या तोंडाकडे पाहात.
"भाऊजी, पुढं खणू ना?"
"खण."
"हौ. तुमी म्हनलं म्हनजे झालं."
उद्यापासून सुरुंग लावणार.

२ जून
चेक दाखवायचा तर बाकीचंही दाखवावं, अर्धवट नको. कच्च्या प्रतीच्या पाठीवर कोणी कोणी काय दिलं ते लिहीत बसलो. सौ. तांदूळ निवडत होती. नावं तिलाच जास्त आठवतात. मी म्हटलं, बघ, एवढ्या विहिरी, एक फुकट नाही गेली.
"हे तर नारळ आननारे झाले जी. ज्यायनं नाही आनला त्यायचं काय?"
कोणी नाही आणला?
"लामत्याचे डोमाजी. अन् ते लालबर्र्याचे मास्तर."
कामात असतील.
"दोन साल?"
तिने ताट हलवलं. खडा सापडला तो फेकला.

३ जून
झोप लागली, पण उशिरा.
ज्याला पाणी लागतं तो येतो. ज्याला लागत नाही तो येत नाही. न आलेला आठवत नाही. फॉर्मात देणाऱ्यांची ओळ आहे, न देणाऱ्यांची नाही. तशीच माझ्या डोक्यातही नव्हती. स्टोअरात खिळ्यांचा डबा हलका लागला तर मी तो पुन्हा तोलतो, आणि हे मात्र

५ जून
रविवार. छोट्या लाईनच्या गाडीने लामता. ऊन फार.
डोमाजी अंगणात दोर वळत होते. उठून खाट टाकली. कशाला आलो ते मी सांगायच्या आधीच त्यांना समजलं असावं.
"नाही लागलं जी. चाळीस हात गेलो."
मला कळवायचं नाही का?
"तुमाले काय सांगाचं? तुमी कुठं पैसे घेतलेते? उगीच तुमच्या जीवाले लागलं असतं."
मागे नेऊन दाखवलं. खड्ड्यात धानाचं तनस, कचरा. काठावर एक पपई उगवली आहे, चांगली लागली आहे. वारूळ तिथेच. उंबर तिथेच. सगळ्या खुणा बरोबर. आज पहिल्यांदा गेलो असतो तरी तीच जागा दाखवली असती.
सुनेने तांब्या आणून ठेवला. उन्हाळ्यात नाल्यात झरी उकरून तिथून पाणी आणतात. पूर्ण प्यालो. अर्धा ठेवायची हिंमत झाली नाही.
निघताना डोमाजींनी दोन पपया बांधून दिल्या. "घ्या जी. खड्ड्यानं एवढं त देल्लं."

६ जून
स्टोअर. नवा माल आला, मोजून घेतला. पपया गोड निघाल्या. सौ.ने विचारलं कुठल्या, सांगितलं. "मोठ्या मनाचा मानूस हाय," म्हणाली.
लालबर्र्याला जायचं राहिलं आहे. मास्तरांना कार्ड टाकलं.

८ जून
हुनर लिहिलं तर लामता खोटं पडतं. आकस्मिक लिहिलं तर किरनापूरला जाऊन भाऊरावला तेच सांगावं लागतं. कागदावर एक आणि साळ्याला दुसरं, हे माझ्याकडून होणार नाही. तिकडे रोज सुरुंग फुटतो आहे, माझ्या शब्दावर. जूनअखेर मुदत.

१२ जून
किरनापूर. सौ. पण आली. भाऊरावला बांधावर बाजूला घेऊन लामत्याचं सगळं सांगितलं. खड्डा, तनस, सगळं. तो तंबाखू मळत ऐकत होता. मळून झाली तरी तोंडात टाकली नाही.
"मंग थांबू म्हनता?"
"माहीत नाही."
"म्हनजे?"
"म्हणजे खुणा बरोबर आहेत. पाणी आहे का ते मला माहीत नाही."
त्याने विहिरीकडे पाहिलं. त्याची बायको विहिरीच्या काठावरून आमच्याकडे पाहात होती. मग म्हणाला, "अर्ध्यात सोडली त लोकायच्या बकऱ्या पडतीन. पाऊस लागेपर्यंत खणतो. मंग पाहू."
आणि तंबाखू तोंडात टाकून हसला. "भाऊजी माहीत नाही म्हनले, हे ताईले सांगा. तिले खरं नाही वाटनार."
बसमध्ये सांगितलं. सौ. खिडकीतून बाहेर पाहात होती. "आयकलं मी," म्हणाली. "मागंच उभी होती."

२० जून
मास्तरांचं उत्तर आलं. त्यांच्या विहिरीला पाणी लागलं होतं! बदली झाली, गडबडीत नारळ राहून गेला, क्षमा असावी. मी सौ.ला कार्ड दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मंग लामत्याचं पानी लागलं का?"
पक्की प्रत भरली. सगळं शाईने, 'इतर उत्पन्न'ची ती एक ओळ पेन्सिलने.

२८ जून
परवापासून पाऊस. किरनापूरकडे जास्त झाला, असं बसवाले सांगतात. खड्ड्यात आता पाणी दिसेलच. वरून आलेलं की खालून, ते पाहून कळायचं नाही. मी तिथे असतो तर म्हटलं असतं, पावसाच्या दोन दिवस आधीच पाणी

३० जून
सकाळी वाट पाहिली. निरोप नाही. नऊ वाजता पेन्सिल पुसली आणि शाईने लिहिलं, आकस्मिक. अक्षर नेहमीसारखं आलं. कर माफ. ऑफिसचा प्रश्नही गेला. तिवारी वकील रस्त्यात भेटले, "क्या लिखा?" म्हटलं, आप ही का शब्द. त्यांनी पाठीवर थाप मारली. ती थाप घरापर्यंत आली.
आयकर ऑफिसात बाबूने न वाचता शिक्का मारला. पोचपावतीवर तारीख पुसट उठली होती, पुन्हा मारून घेतली.
संध्याकाळी घरी आलो तर सौ. दारात. किरनापूरच्या कंडक्टरजवळ भाऊरावचा निरोप: विहिरीत पाणी दिसून राह्यलं, भाऊजीला लवकर पाठवा.
"खालचं का पावसाचं?" मी विचारलं.
"मी पन तेच इचारलं. तो म्हने, मले का मालूम बाई, मी कंडक्टर हाव."
उपसावं लागेल. सगळं उपसून रात्रभर ठेवायचं, सकाळी पाहायचं. उद्याची किरकोळ रजा टाकतो, पहिल्या गाडीने निघतो. पंप कोणाचा मिळतो ते तिथे पाहू.
पिशवी भरताना सौ.ने विचारलं, "नारळ घेता का संगं? का पानी पाहून मंग?"
म्हटलं, आत्ताच घे. आणि दोन घे. येताना लामत्याला उतरतो.
"लामता त दुसरीकडं हाय जी."
माहीत आहे.