विनूमावशीचे साडेचार किलो

फ्रीगंज, उज्जैन
६ जानेवारी २०२४

चि. मृण्मयीस विनूमावशीचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून मावशी पत्रं का लिहायला लागली, असं तुला वाटेल. आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर. मी हॅलो म्हटलं की तुझे काका, आल्हाद आणि सूनबाई इशिता असे तिघं उत्तरं द्यायला बसतात. हे प्रकरण मला एकटीला तडीस न्यायचं आहे.

आठ दिवस माझ्याबरोबर कोकणात चल असं तू म्हणालीस, ते मी जेवताना घरात सांगितलं. यांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, की तुझ्या चार बॅगा उचलणार कोण. जन्म गेला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, त्यामुळे यांना माणसाच्या आधी सामान दिसतं. मग सगळ्यांदेखत शर्त घातली. एकाच बॅगेत आवरायचं, ती स्वतः उचलून टावर चौकाला चक्कर मारून घरी यायचं, मध्ये कुठे टेकवायची नाही. जमलं तर जा, नाही तर विषय बंद. यावर आल्हाद हसला. त्याचा मला फार राग आला.

तुला म्हणून सांगते. आम्ही द्वारकेला गेलो, पुरीला गेलो. दोन्ही वेळा सगळे पाण्यात आणि मी वाळूत, सामानापाशी. जरा लक्ष ठेव असं सांगून जे जातात ते भिजून परत येतात तेव्हा निघायची वेळ झालेली असते. सहासष्ट वर्षांची झाले, पण समुद्रात माझं पाऊल अजून बुडालेलं नाही. या खेपेला मला जायचंच आहे. बॅगेत काय घालायचं, आणि मुख्य म्हणजे काय घालायचं नाही, ते लवकर कळव.

तुझी माया माझ्यावर आहेच, आता थोडी अक्कलही पाठव.
तुझी,
विनूमावशी


पुणे
१२ जानेवारी

ती. विनूमावशीस मृण्मयीचा सा. न. वि. वि.

काकांची शर्त ऐकून मी आधी चिडले, मग वाटलं, तशीही ती लागणारच होती. आपल्याला खाडी बोटीने ओलांडायची आहे आणि तिथे हमाल नसतो. बॅगेसकट सात किलो, त्यावर एक रुमालही नाही.

साड्या दोनच. एक अंगावर, एक बॅगेत. पिळली की वाळणारी घे, सुती काठापदराची नको. घडी न घालता सुरळी कर, जागा निम्मी लागते. गोळ्या आठ दिवसांच्या मोजून आण, आख्खा डबा नको. स्वेटर तर मुळीच नको, तिकडे घाम येतो. गाडीपुरती शाल अंगावर घे. आणि कुठलीही वस्तू हातात घेताना लागलीच तर असं मनात आलं, की ती बाहेर ठेव. कोकणातही माणसं राहतात, त्यांनाही साबण लागतो.

कोणाचं पार्सलही घ्यायचं नाही. मागे काकांबरोबर माझ्याकडे आलीस तेव्हा सोळा किलोंत तुझं स्वतःचं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

लोभ हवा तेवढा आण, त्याला वजन नाही.
तुझी,
मृण्मयी


उज्जैन
२० जानेवारी

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

परवा दुपारी दार लावून बॅग भरली. इशिताच्या वजनकाट्यावर ठेवली तर तेरा किलो. तोंडचं पाणीच पळालं. साड्या दोन, गोळ्या मोजून, मग तेरा कसे? पलंगावर उपडी केली. आधी निघाली यांची उशी, कारण दुसऱ्या उशीवर यांची मान धरते. मग यांचा तांब्या, यांची गरम पाण्याची पिशवी, कानटोपी, इसबगोल, पूजेची पेटी. अगं, हे येणार नाहीत आणि मी हातासरशी यांचंच सामान भरून ठेवलं होतं. चार बॅगांतल्या तीन यांच्या असायच्या आणि चाळीस वर्षं मी माझं सामान, माझं सामान म्हणून बोलणी खाल्ली. मला हसू आलं आणि संतापही आला.

यांचं काढल्यावर काटा साडेचारवर आला. इतकं कमी, की मला उगीच ओशाळल्यासारखं झालं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या अक्का आल्या. चिपळूणच्या भाचीसाठी दोन किलो लौंगवाली सेव आणि एक पितळी डबा घेऊन. कोणी गावाला निघालं की इथे सगळ्यांचे नातेवाईक त्याच गावात निघतात. मी म्हटलं, पत्ता सांगा, टपालाने धाडून देते. अक्का दोन दिवस बोललेल्या नाहीत. बढिया चाललंय.

परीक्षा गुरुवारी. मनात ठेव मला.
विनूमावशी


उज्जैन
२७ जानेवारी

चि. मृण्मयीस गोपाळकाकाचे आशीर्वाद.

फोनवर तू हसशील, म्हणून लिहितो आहे.

गुरुवारी तुझी मावशी बॅग खांद्याला अडकवून निघाली. वाटेत चक्कर आली तर काय, म्हणून मी मागून हळूहळू स्कूटर घेतली. ते करायला नको होतं. म्हातारी बाई बॅग घेऊन पुढे आणि नवरा मागे, हे पाहून फ्रीगंजने काय ते ठरवून टाकलं. आमच्या ऑफिसातले जुने तात्या पोहे खात होते. त्यांनी प्लेट ठेवून माझं हँडल धरलं. या वयात बायकोला घर सोडायला लावतोस, शरम नाही वाटत, हात जोड आणि परत आण, असं चार लोकांत सुनावलं. भाजीवालीने हिला कुठे चालल्या म्हणून विचारलं, तर ही समुद्रावर असं सांगून चालती झाली. खुलासा म्हणून दोन शब्द बोलायची, तेही नाही. तात्यांनी मला सोडेपर्यंत ही चौकाला वळसा घालून घरी पोचलीसुद्धा.

मी हरलो. नंतर बॅग उघडून पाहिली. त्यात माझं काहीच नव्हतं. बरोबरच आहे, पण मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर बॅग हे निमित्त होतं. ही घरात नसली की मला काही सुचत नाही.

कपडेच दोन नेते आहे, म्हणजे फार लांबवणार नाही, एवढं समाधान आहे. दहा तारखेला परत पाठव. बोटीत हात धर तिचा.

काकावर राग नसावा.
गोपाळ


गुहागर
५ फेब्रुवारी

श्री. गोपाळराव यांस नमस्कार.

वर मायना काय घालावा ते मला अर्धा तास कळेना. त्रेचाळीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही, कारण तुम्हाला सोडून मी कुठे गेलेच नाही. तेव्हा नमस्कारावर भागवून घ्या. फोनवर बोलले असते, पण सगळ्यांसमोर तुम्ही नुसतं हूं म्हणता.

काल गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. लाट आली की पायाखालची वाळू सरकते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. घाबरून मृण्मयीला धरलं, मग सोडलं. थोडं रडू आलं. बोटीत बॅग मीच चढवली, आणि एका कॉलेजातल्या मुलीचीही.

इसबगोल हिंगाच्या डब्यामागे आहे. उशी उन्हात घालायला इशिताला सांगू नका, स्वतः घाला.

तुमचं पत्र मृण्मयीने मला वाचायला दिलं. तुमची आठवण मलाही येते, रोज येते. पण दोनच साड्या म्हणजे ही दहाला परत येईल, असं जे तुम्ही धरून चाललात ते चुकलं. एक नेसते, एक वाळते. असं आठ दिवस निघतात तसे अठराही निघतात. चार बॅगा असत्या तर त्या वाहून कंटाळून मी केव्हाच घरी आले असते. मृण्मयीने रजा वाढवली आहे. मी वीस तारखेला येते.

लोभ आहेच, तो वीसपर्यंत सांभाळून ठेवा.

आपली,
विनोदिनी