टँकरच्या रांगेची घटना

२० जुलै १९८२
कॉलेज सोडून चार महिने. चाकुरात म्हणतात, नापास झाला. साफ खोटं. राज्यशास्त्राच्या सरांशी मतभेद झाले. ते हजेरी मागत होते, मी स्वातंत्र्य. सध्या अप्पांच्या किराणा दुकानात बसतोय. तात्पुरतं. १५ ऑगस्टला लातूर जिल्हा होतोय, माझ्यासारखी माणसं लागतीलच.
आज टँकरवर शिवकांता दिसली. घागर डोक्यावर, नजर माझ्यावर. मागं म्हैस उधळली होती, पण नजर माझ्यावरच.

२३ जुलै
शिवकांताचे वडील, मलप्पाकाका, तिच्यासाठी उदगीरचं स्थळ बघायलेत! पाहुणे १५ ऑगस्टलाच येणार. त्याआधी मी गावात कोणीतरी मोठा व्हायला पाहिजे.
पाऊस नाही. रांगेत रोज मारामारी. रांगेला घटना पाहिजे. मीच लिहितो.

२५ जुलै
उद्देशिका जमली: 'आम्ही, टँकरच्या रांगेतले लोक...' सत्ता ड्रायव्हरची नाही, रांगेची. प्रत्येकानं ढकलायचा हक्क सोडायचा, बदल्यात सगळ्यांना पाणी.
कलम १, न्याय: आधी आला, आधी भरला. कलम २, समता: घरामागं दोन घागरी. कलम ३, स्वातंत्र्य: कुणीही कुणाशीही बोलावं. (हे कुणासाठी, ते तिला कळेल.) कलम ४, बंधुता: रांगेतले सगळे बहीण-भाऊ. याला खास अर्थ नाही, पण त्याशिवाय घटना बोडकी दिसते.

२६ जुलै
अप्पांना म्हटलं, घटना लिहिली. दचकून म्हणाले, "कुठं झाली? कोण मेलं?" आईनं कलम २ ऐकलं आणि आमच्या सहाच्या सहा घागरी माझ्यापुढं आपटल्या. घरात विचारवंताची किंमत शून्य.

२८ जुलै
टँकरवर चढून वाचली. टाळ्या! शिवकांतानं आपणहून विचारलं, "कलम चार समद्यांला लागू का? तुमालाबी?" मी गरजलो, "अपवाद न्हाई!" लई गोड हसली. काम झालं.

४ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
ती घरी आली. राखी घेऊन. म्हणाली, "दादा, मला भाऊ न्हाई. बरं झालं तुमी कलम लिवलं." आईनं पाट मांडूनच ठेवला होता.

५ ऑगस्ट
घटनादुरुस्ती मांडली: कलम ४ तातडीनं रद्द. बाजूनं एक मत. माझं. रांगेत पुढं उभ्या उमाबाई म्हणाल्या, "त्याच्यानंच भांडणं थांबली की रं. आता कामून मोडायलास?" बहुमत म्हणजे काय, ते कॉलेजात असं शिकवत नाहीत.

६ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. स्थळ मोडेलच. उदगीरवाल्यांना सहजी कुणी पसंत पडत नाही, मला माहीत आहे.

१५ ऑगस्ट
जिल्हा झाला. गाव झेंड्याला लातूरला गेलं. मी मलप्पाकाकांकडं. मुलीचा भाऊ म्हणून पोहे फिरवले. पाहुण्यांनी विचारलं, भाऊ काय करतो? काका अभिमानानं म्हणाले, "घटना लिवतो." पाहुणे सावरून बसले, "म्हंजे पोलिसात हाय?" मुलगी पसंत. जाताना नवरदेव माझ्या पाया पडला.
संध्याकाळी टँकर आला. चार घागरी भरल्या. कलम २ प्रमाणे. दोन आमच्या, दोन बहिणीच्या घरच्या.