यंदाचे बर्फावरचे तीन नाच

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी डिसेंबर लागला की मी मनातल्या मनात तीन नाच निवडायला बसते. यंदाही निवडले. सांगायला कोणी नाही म्हणून लिहिते आहे. नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, बर्फावरच्या नाचात पहिला काय नि दुसरा काय, सगळे घसरतातच. त्याचंही चुकत नाही. दिवसभर टेम्पो चालवून आलेल्या माणसाला असं काही ऐकायचं त्राण उरत नाही. मलाही हल्ली फार दमायला होतं. पण ही सवय तुम्ही लावलीत आणि ती सोडायची कशी ते सांगायच्या आधीच गेलात.

अकोल्याच्या तुमच्या घरातल्या रविवारच्या दुपारी मला अजून जशाच्या तशा दिसतात. तुम्ही आमच्या शाळेच्या पीटीच्या बाई, मी सातवीतली गादीवाल्याची पोरगी. हिवाळ्यात केबलवर परदेशातले बर्फावरचे खेळ दाखवायचे. तुम्हाला स्पर्धा आवडत नसत. स्पर्धा संपल्यावर हेच लोक मौजेसाठी नाचतात, कोणी विदूषक होतं, कोणी रुसलेली नवरी होतं, ते तुम्ही बघायचात. समोर तुरीच्या शेंगांचा ढीग, हात सोलण्यात आणि डोळे पडद्यावर. आणि नाच अगदी रंगात आला की भारनियमन. पडदा काळा. मी हळहळत बसायची. तुम्ही उठायचात, पदर खोचायचात आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर पायमोज्यांनी सरकत पुढचा नाच सांगायचात. "आता ती तिकून येईन. तो तिले पाहीन, पण हात नाही देणार." मी विचारायची, मग? तुम्ही म्हणायचात, मग काय, सोलेभात खायचा. वर्ष संपताना आपण तीन निवडायचो. तुमचा नियम एकच होता. कोणी उंच उडी मारली ते बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी कणीक भिजवताना जो आठवतो, तो पहिला.

तुम्ही स्वतः अमरावतीला शिकताना चाकांचे बूट वापरायला शिकला होतात. त्या चार चाकांच्या जुन्या बुटांच्या सहा जोड्या कुठून कुठून जमवून तुम्ही आम्हाला उभं केलंत. जागा होती बंद पडलेल्या जिनिंगची. तुमचे यजमान तिथेच कामाला होते. बोंडअळीच्या त्या सालापासून कापूस येईना, यंत्रं थांबली, आणि गाड्या रिकाम्या करायची सिमेंटची भली मोठी फरशी तशीच पडून राहिली. तिच्यावर आम्ही गोल गोल फिरायचो. यजमान फाटकाजवळ स्टुलावर बसून असत. त्यांना दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं.

चाकांवरच्या नाचाची अमरावतीला जी निवड चाचणी झाली, तिचं आधी लिहिते, म्हणजे ते एकदाचं लिहून होईल. अब्बांनी एकच अट घातली होती, पाय झाकलेले पाहिजेत. तुम्ही वाद घातला नाहीत. पांढरी चुडीदार आणि वर झालरीचा कुडता तुम्ही स्वतःच्या मशिनवर शिवलात. झालर तीनदा उसवलीत, कारण फिरताना ती फुलायला हवी होती. पहाटेच्या एसटीनं आपण गेलो. हॉलमध्ये बाकीच्या सगळ्या मुली छोट्या झग्यात होत्या. टेबलामागच्या एका बाईंनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पोशाख नियमात बसत नाही, मार्क कापावे लागतील, असं सांगितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, कापा, ती खेळेल. मागे दोघी हसल्या. त्या मलाच हसल्या की आणखी कशाला, कोण जाणे. मी खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. माझं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं. तुम्ही माझ्याकडे बघत उभ्या होतात. मी मान वर केली नाही.

परत येताना बडनेरा गेलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली, भजी घेऊन आलात, अर्धी माझ्या हातात दिलीत. मग खिडकीबाहेर बघत म्हणालात,

"मार्क त्यायले कापू द्यायचे होते. तू कावून कापले?"

बस. एवढंच. मारलं असतंत तर बरं झालं असतं. भजी हातात थंड होत गेली. मी पुढे तीन आठवडे जिनिंगकडे फिरकले नाही. शाळेत तुम्ही दिसलात की रांगेत मागे सरायची.

मग एक दिवस तुम्ही अब्बांच्या दुकानात आलात. मी आत रजईला टाके घालत होते. तुम्ही माझं नावही काढलं नाहीत. स्नेहसंमेलनात जिनिंगच्या फरशीवर बर्फाचा नाच बसवायचाय, म्हणालात, बर्फ कापसाचा करायचा आहे, वरून पडता ठेवायचा आहे. अब्बा पिंजण्याचं काम थांबवून ऐकत होते. ते म्हणाले की कापूस खाली पडला तर चाकात जाईल आणि पोरी तोंडावर आपटतील, तो दोऱ्यानं बांधून लटकवा. आणि वर म्हणाले, मीच येऊन बांधून देतो. ज्या माणसानं पायांसाठी अट घातली, तो माणूस दोन दिवस जिनिंगच्या पत्र्याखाली शिडीवर चढून कापसाचे पुंजके बांधत होता. मी शिडी धरायला गेले. तेवढ्यावर माझं परतणं झालं.

मला वाटलं होतं मधली भूमिका माझी. वाट चुकलेली मुलगी बर्फातून घर शोधते, अशी ती गोष्ट होती. तुम्ही ती भूमिका माझ्या वर्गातल्या एका मुलीला दिलीत. ती तिवश्याकडच्या खेड्यातून मामाकडे राहायला आली होती. दिवाळीनंतर तिचे वडील गेले होते. कसे गेले ते कोणी विचारलं नाही. त्या दोन वर्षांत असं विचारायची आमच्याकडे गरज पडत नव्हती. तिला चाकांवर धड उभंही राहता येत नव्हतं. मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं की तिला येत नाही, मला येतं. तुम्ही म्हणालात, "तुले येते म्हणून तर तू ओढ."

तेव्हा मला ते अन्यायाचं वाटलं. आजही मी ते सगळं पचवलंय असं म्हणणार नाही. नाचात मी वारा झाले. वाऱ्यानं तिला हाताला धरून फरशीभर फिरवायचं. तालमीत ती माझ्या अंगावर सारा भार टाकायची, माझा खांदा दुखायचा, आणि एकदा रागानं मी मुद्दाम हात सोडला. ती गुडघ्यावर पडली. रडली नाही. उठली आणि हात पुढे केला. तुम्ही पाहिलंत की नाही मला माहीत नाही. 

कार्यक्रम दुपारी चारला ठेवलात, विजेचा भरवसा नव्हता म्हणून. माणसं किती आली होती. खेड्यांवरनं आली होती, जिनिंगचे जुने हमाल आले होते, तिची आई डोक्यावरून पदर घेऊन मागे भिंतीला टेकून उभी होती. त्या पत्र्याखाली कापूस पाहायला लोक वर मान करून बसले. मी तिला ओढत होते. मध्येच कळलं की ती माझ्या हातावर भार टाकत नाहीये, स्वतःच सरकते आहे. घराच्या दाराशी गोष्ट संपायची होती. ती तिथे न थांबता पुढे गेली, आईच्या समोरून गेली आणि आणखी एक फेरी मारून आली. गाणं संपलं होतं. फक्त चाकांचा आवाज येत होता. तुम्ही तिला थांबवलं नाहीत. मी तिच्या मागे मागे गेले, कारण वाऱ्यानं दुसरं काय करायचं. त्या वर्षी आपण तीन नाच निवडले नाहीत, आठवतं? तुम्ही म्हणालात, यंदा एकच.

त्यानंतरचं तुम्हाला बरंचसं माहीत आहे. लग्न, हे मोठं शहर, मॉलमधली बर्फाची रिंक आणि तिथली माझी नोकरी. आता मी लहान मुलांना हात धरून बर्फावर फिरवते. दिवसाला तीस-चाळीस हात. संध्याकाळी माझे खांदे उचलत नाहीत.

तर यंदाचे तीन. एक, परदेशी मंडळींचा खेळ आला होता, समुद्राची गोष्ट. मला कपडे सांभाळायला आठवडाभर घेतलं होतं. त्यात एक म्हातारा नावाडी नुसता उभ्यानं सरकत जातो, पाय हलत नाहीत, आणि आपल्याला लाटा दिसतात. तो रोज पडद्याआड आला की खोकत बसायचा. दुसरा, मोबाइलवर पाहिलेला, दोघी बहिणींचा, एकमेकींशी भांडणाचा नाच. तिसरा आमच्याच रिंकवरच्या मुलांचा. एक पाच वर्षांचा मुलगा कावळा झाला होता. तो पडला आणि पडल्या पडल्याच पंख हलवत राहिला. सकाळी कणीक भिजवताना तोच आठवला, म्हणून तो पहिला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, आणि यजमानही गेले असं अब्बांनी कळवलं होतं. घडी घालून कपड्यांच्या पेटीत ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा फोनवर विचारलंत, बर्फावर उतरली का तू? मी हो म्हटलं होतं. मी तेव्हा रिंकच्या काचेच्या अलीकडे बसून लोकांना भाड्याचे बूट द्यायचे. बर्फावर पाऊल पडलं ते तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी. तुम्ही खूश झालात आणि विचारलंत, पायाले थंडी वाजते का वं? मी म्हटलं, नाही बाई, बुटात काही कळत नाही.

वाजते, बाई. दोन-दोन मोजे घातले तरी वाजते.