खोपोलीचं वऱ्हाड

मु. कोंडाणे, ता. कर्जत, जि. कुलाबा
माघ वद्य, शुक्रवार

रा. रा. हिराजीदादांना कोंडाण्याहून त्यांच्या दाजींचा वाकून नमस्कार. (दाजीने मेहुण्याला वाकून नमस्कार करायची रीत नाही हे मला ठाऊक आहे. या खेपेला राहू द्या.) गोदूवहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला गेला का? दिवसपाळी मिळाली का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. गाय व्यायली, कालवड झाली. कोंबड्या माझ्याशी नीट वागत नाहीत, पण अंडी देतात. सौ. येसू तुमच्याकडे सुखरूप पोचल्याचं टेंपोवाल्या रज्जाकभाईंकडून कळलं. ती तिकडे कशी आली हे तिने सांगितलं असेलच, आणि तिने सांगितलं ते सगळं खरं आहे. फक्त ते तिने थोडक्यात सांगितलं असणार, आणि थोडक्यात सांगितलं की त्यात मी फार वाईट दिसतो. म्हणून मी सविस्तर लिहितो आहे. सगळं वाचून झाल्यावर तिला परत पाठवायचं की नाही ते ठरवा.

सुरुवात तुमच्यापासून आहे. गणपतीत तुम्ही आलात तेव्हा ओटीवर बसून सांगितलंत, की तुमचा बंद पडलेला कारखाना परत सुरू झाला, खोपोलीचं रूप पालटलं. ज्या फाटकाला गंज चढून आत शेरडं बसायची, तिथे आता बाग झाली, चाळींना रंग दिला, आणि रविवारी संध्याकाळी फाटकासमोर कारंजं उडतं, त्यात लाल, हिरवे, पिवळे दिवे लागतात, ते बघायला खालापुराहून माणसं येतात. येसू आत तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला हे मी पाहिलं. तुम्ही गेल्यावर ती म्हणाली, "आपुन जाऊ या का येकदा?" एवढंच. दादा, लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे पुष्कळ गोष्टी मागितल्या, म्हणजे सूप, विळा, छपराला कौलं. पण स्वतःसाठी म्हणून हे पहिलंच. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, भात झोडून झालं की जाऊ. कर्जतेहून रेल्वेची शटल पकडायची, संध्याकाळी कारंजं बघायचं, रात्री तुमच्याकडे राहायचं, सकाळी परत. दोन माणसांचं काम. इथपर्यंत माझी काही चूक सापडत असेल तर अवश्य कळवा.

झोडणी संपल्यावर मी बुधाजीकाकांकडे गेलो. (आमच्या भावकीत ते सगळ्यांत वडील. त्यांची नि आमची भिंत एक आहे, त्यामुळे आमच्या घरात बोललेलं त्यांना आधी कळतं.) एक रात्र गाईकडे बघाल का, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी विचारलं, कुठे निघालास? मी सांगितलं. चूक धरायची तर ही धरा. ते म्हणाले, "येकलाच जातोस व्हय रं? आमी काय नाय का कुनी?" संध्याकाळी देवळात बैठक भरली, आणि तुमच्या पत्रांतलं जे जे आठवलं ते मी सगळ्यांना सांगितलं. धुराड्याच्या टोकाला लाल दिवा असतो, विमानाने धडकू नये म्हणून. कँटीनमध्ये चहा नळातून येतो. सांगता सांगता ते सगळं मलाच समोर दिसायला लागलं. त्या दिवसापासून गावात खोपोलीचा जाणकार म्हणून माझं नाव झालं. कोणी विचारलं, कारंजं केवढं उंच उडतं? तर मी देवळामागच्या चिंचेकडे नीट बघायचो आणि म्हणायचो, एवढं नाही, जरा कमी.

आता इथे आमच्या गावाची अडचण समजून घ्या. गाडी करून सगळ्यांनी मिळून कुठे जायचं म्हणजे लग्नाला, एवढंच आम्हाला माहीत आहे. सहल कशी काढतात हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्यामुळे सगळं वऱ्हाडाच्या रीतीने सुरू झालं, आणि ते कधी सुरू झालं हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. घरोघर अक्षत घेऊन बोलावणं करायचं ठरलं. मी बुधाजीकाकांपासून सुरुवात केली, तर मोरू पाटील रुसले. (जुने पोलीस पाटील. पाटीलकी गेली, रुसायचा हक्क राहिला.) पहिली अक्षत पाटलाच्या घरी, असा त्यांचा मान. मग त्यांचा रुसवा काढायला साखर घेऊन गेलो, तर काका रुसले. बायका विचारू लागल्या, करवली कोण? ताशेवाल्याने स्वतः होऊन निरोप धाडला, की रविवार मोकळा आहे. एवढ्यात पौष लागला. काका म्हणाले, पौषात वऱ्हाड निघत नाही. मी म्हटलं, काका, आपण कारंजं बघायला चाललोय, हे लग्न नव्हे. बैठकीने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, हे लग्न नाही हे सगळ्यांनी एकमताने मान्य केलं, आणि माघातला रविवार धरला.

या सगळ्या काळात येसू बैठकांचा चहा करत होती. तिची जांभळी साडी तिने घडी करून गादीखाली दाबून ठेवली होती, म्हणजे इस्त्री बसते. पौष लागला तेव्हा ती परत ट्रंकेत गेली. माघात परत गादीखाली आली. मी त्या गादीवर झोपत होतो, त्यामुळे मला हे ठाऊक आहे.

मग शेवटची बैठक. टेंपोत कोण कोण बसणार याची बोलणी चालली होती. बुधाजीकाकांच्या सोनुकाकू मध्येच म्हणाल्या, की कार्य ज्याच्या घरचं, त्या घरची बाई वऱ्हाडात जात नसते. ती मागं राहून घर राखते, नि वऱ्हाड परत आलं की दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण हे खरंच आहे. आमची आई माझ्या लग्नाला चौक गावी आली नव्हती, हे तुम्हाला आठवत असेल. दादा, मी त्या वेळी बोलायला हवं होतं. अहो, हे सगळं जिच्यासाठी काढलं तीच मागं राहिली तर आपण जायचं कशाला, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मी पडलो यजमान. यजमानाने बोलायचं नसतं, सगळ्यांना हवं-नको बघायचं असतं. मीही मान डोलावली. येसू दारात किटली घेऊन उभी होती. "साखर पुरते का बघते," म्हणाली आणि गेली. साखर पुरत होती.

रविवार उजाडला. रज्जाकभाई दहिवलीहून टेंपो घेऊन वेळेवर आले. शेजारी त्यांच्या घरच्या तय्यबाभाभी बसल्या होत्या, कारण त्यांनाही कारंजं बघायचं होतं. (त्यांनी बैठक न घेता ठरवलं असावं.) आमचे पटके, बायकांच्या नथी आणि ताशा बघून रज्जाकभाईंनी विचारलं, "नवरदेव किधर है?" नवरदेव नाही म्हटल्यावर त्यांनी जास्त चौकशी केली नाही. चांगला माणूस. आता पुढे, भाभींच्या शेजारी, एकच जागा शिल्लक होती, आणि वऱ्हाडात ती जागा नवऱ्याच्या मामाची. नवराच नाही म्हटल्यावर मामा कोण? बुधाजीकाका म्हणाले, मी वडील, मी बसतो. मोरू पाटील म्हणाले, "मी मागं नाय बसनार. गावदेवीचा नारळ माज्या हातात हाय, नारळ काय मागं जाईल व्हय?" ताशेवाल्याने मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर त्यालाच विचारलं गेलं की तू कोणाकडचा. उन्हं वर आली. शेवटी गाडीत बसलेली माणसंही उतरली, आणि सगळेच पिंपळाच्या पारावर जाऊन बसले, निकाल लागला की निघू म्हणून. मी दोघांना पाणी नेऊन दिलं.

आमचं असं चालू असताना टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला. काका म्हणाले, गाडी फिरवून आणतोय. गाडी चिंचेपाशी फिरवावी लागते हे खरं आहे, म्हणून आम्ही थांबलो. ती चिंचेपुढे गेली. मोरू पाटील म्हणाले, पेट्रोल भरायला गेला असेल. दुपार झाली तेव्हा आम्ही भाकऱ्या सोडल्या आणि सुकटीबरोबर पारावरच खाल्ल्या. ताशा थोडा वाजला. उन्हं कलल्यावर आपापल्या घरी गेलो. सहल म्हणून जी काय झाली ती एवढीच.

घरी आलो तर दाराला कडी. गोठ्यात वैरण टाकलेली, दिव्यात तेल घातलेलं, भात झाकून ठेवलेला. माझ्या गादीखाली साडी नव्हती. मी गादी दोनदा उचलून बघितली. बुधवारी रज्जाकभाई पेंढा न्यायला आले तेव्हा बाकीचं कळलं. आमचा मानाचा निकाल चालला असताना येसू मागच्या दाराने पिशवी घेऊन आली, पुढच्या रिकाम्या जागेवर भाभींशेजारी बसली आणि म्हणाली, "मान कुनाचा ते ठरंल तवा ठरंल. तुमी गाडी काढा, भाऊ." रज्जाकभाईंना वाटलं, तंटा मिटला आणि मान बाईमाणसाला मिळाला. त्यांना ते योग्यही वाटलं. मागची माणसं कुठे, असं त्यांनी म्हणे विचारलं होतं. ती म्हणाली, "येतील मागनं." तिचा निरोपही त्यांनी दिला. कारंजं छान आहे. पण ते एकदा बघून समजत नाही, म्हणून ती पुढचा रविवार बघणार आहे. आणि पुढे कोण बसायचं ते ठरलं का, असं विचारलं आहे.

तिला सांगा, ठरलेलं नाही. काका आणि पाटील अजून बोलत नाहीत. गावात तिला कोणी नाव ठेवलेलं नाही, कारण जो तो म्हणतो, निदान दुसऱ्याला तर ती जागा मिळाली नाही. सोनुकाकूंनी काल मला भाजी आणून दिली आणि हळूच विचारलं, की दिवे आळीपाळीने लागतात का एकदम. मी म्हटलं, आळीपाळीने. दादा, मला काही ठाऊक नाही दिवे कसे लागतात. मला करमत नाही. घरात कोणी रागावलेलं असलं तरी चालतं, पण कोणीच नाही हे चालत नाही. तिने जायला नको होतं असं मी म्हणत नाही. तिने मलाही घेऊन जायला हवं होतं, असंही म्हणायला तोंड नाही. बाकी सर्व क्षेम आहे, ते वर लिहिलंच आहे. वहिनींना नमस्कार. तुमचा जो निवाडा होईल तो कबूल.

तुमचा,
गजानन

ता. क. हे पत्र रज्जाकभाईंच्या हाती देतो आहे. सोबत नवे वाल आणि गाईचा खरवस आहे. खरवस येसूला आवडतो हे तुम्हाला माहीत आहे, पण वहिनींनाही द्यावा.

ता. क. २. पत्र बंद करत होतो तेवढ्यात भिंतीपलीकडून काकांनी विचारलं, येसूला आणायला कधी निघायचं? बाईमाणूस रागावून भावाकडे गेलं तर तिला आणायला एकट्याने जायची रीत नाही, चार जाणती माणसं लागतात. आज देवळात बैठक आहे. टेंपोत पुढे कोण बसायचं, इथूनच सुरुवात होणार आहे. तेव्हा मी कोणाला न सांगता रविवारी चालत कर्जतेला जातो आणि दुपारच्या शटलने येतो. गाईचं मी सोनुकाकूंना सांगून ठेवलं आहे. त्यांनी कुठे चाललास असं विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, दिवे नीट बघून ये.

ता. क. ३. खोपोलीला मी आजवर एकदाही आलेलो नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. गावाला ठाऊक नाही. त्यामुळे स्टेशनावरून तुमच्या चाळीकडे कसं यायचं हे इथे कोणाला विचारायची सोय राहिलेली नाही; उलट काल मीच दोघांना रस्ता सांगितला. तरी कोणी तरी स्टेशनावर आलं तर बरं. तुम्ही येऊ नका, तुमची पाळी असेल. वहिनींचा गुडघा. येसूला पाठवा, तिला रस्ता माहीत आहे. ती नको म्हणाली तर मी कसा दिसतो, कसा वाळलो, असलं काही सांगू नका. एवढंच सांगा, की त्याने कारंजं बघितलेलं नाही, त्याला दाखवायचंय.