वेच्यावेच्यानं आलेली गोष्ट

आई, त्या जपानी गोष्टीचा शेवटचा भाग अखेर माझ्या हाती आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तुलाच सांगावंसं वाटलं.

नागपूरचं सासर सोडून मी एका बॅगेनिशी आर्णीला तुझ्याकडे आले, ते कापसाचे वाईट दिवस होते. समोरच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापूस छताला टेकलेला, म्हणून मी मागाहून घेतलेला कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराशी. पुण्याची मैत्रीण सीडीवर ती चित्रकादंबरी पाठवायची. पडद्यावर चेहरे, खाली इंग्रजीत उतरवलेल्या ओळी, मागे हलकं संगीत. मध्येच गोष्ट थांबून दोन वाटा पुढे ठेवायची आणि आपण निवडू तिकडे वळायची. मी इंग्रजीचं मराठी करत वाचायचे, तू भाकरी थापता थापता ऐकायचीस.

डोंगरातल्या गावातली एक मुलगी नाहीशी होते, एवढीच गोष्ट. पण तेच दिवस एका भागात मास्तर सांगतो, दुसऱ्यात मैत्रीण, तिसऱ्यात भाऊ. आधीचे भाग नुसती कोडी घालतात, नंतरचे ती उलगडतात. चुकीची वाट धरली की गोष्ट तिथंच संपायची, मग राखून ठेवलेल्या जागी परत जायचं. त्याला तू 'दुबार' म्हणायचीस, पेरणी उलटल्यासारखं. तिकडे जपानात एकेक भाग सहा-सहा महिन्यांनी हौशी लेखकांच्या जत्रेत विकायला येतो हे कळल्यावर मी वैतागले, तर तू म्हणालीस, "कापूस का एकाच दिवशी फुटते काय? पयला वेचा झाला, आता दुसऱ्याची वाट पाह्य." ज्यानं ती गोष्ट रचली त्यालाही हे इतकं सोपं करून सांगता आलं नसतं. तुझं मला अजून कौतुक वाटतं.

एकदा ती मुलगी दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर दोनच वाक्यं: 'कुठे होतीस?' आणि 'आत ये.' मी पहिलं निवडलं. ती वळून निघून गेली, गोष्ट संपली. तू चिडलीस.

"आल्या माणसाले आधी पाणी दे वं, मंग इचार."

"आणि तिनं नाहीच सांगितलं तर?"

"नाही तं नाही. जेवन तं करन."

शेवटचा भाग त्या मुलीच्याच तोंडचा आहे. दारात उभी असताना तिनं मनाशी ठरवलेलं असतं, कुणी काही विचारलं तर परत फिरायचं. मी वाचता वाचता थांबले. नागपूरहून आले त्या दुपारी मी दारात उभी होते, तेव्हा तू पाण्याचा तांब्या पुढे केलास आणि ताट वाढायला गेलीस. पुढेही कधी विचारलं नाहीस. शेजारणी चौकशीला आल्या की त्यांना तू चहा पाजून वाटेला लावायचीस.

हे पत्र कुठे टाकणार? सीडीच्या डबीतच ठेवते. तुला एवढंच सांगायचं राहिलं होतं, त्या दिवशी स्टँडवरून घरी निघण्याआधी मी परतीच्या एसटीची वेळ विचारून घेतली होती.