रामनगरचं मधलं घर

प्रिय आत्या,

आज रविवार. तुमचा लेक सकाळच्या बसनं बेळगावला गेलाय, खोली बघायला. एकट्यापुरती. मी दांडेलीत एक बघून ठेवलीय, तीही एकटीपुरतीच. रामनगरचं हे घर ठेवतो की सोडतो, ते उद्या घरमालकाला सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला नाही तोवर आम्ही परत दोन गावांना निघालो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हणून लिहायला बसले.

आणि दुसरं कारण म्हणजे गुंदचा गुरव. काल तुमची ट्रंक आणायला मी गुंदला गेले होते. देवळात नारळ ठेवला तर तो म्हणाला, "वैनी, आता सांगाय हरकत न्हाई. म्हातारीनं त्या रामनगरच्या घराचा कौल लावला, तवा कळी डावी पडली हुती. दोनदा लावला, दोनदा डावीच." मी म्हटलं, आत्यांनी तर आम्हाला उजवी सांगितली. तो हसला. म्हणाला, "मला म्हटली, पोरास्नी बोलू नगंस. देवाचं आन माझं मी बघून घेते."

मी तिथंच पायरीवर बसले. साधी म्हस विकायची म्हटली तरी तुम्ही देवळात जायच्या. ओल्या कळ्या देवाच्या अंगाला चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि देवानं हो म्हटल्याशिवाय दावं सोडायचं नाही. त्या तुम्ही देवाचा नकार पदराखाली झाकून घरी आलात आणि आम्हाला म्हणालात, "उजवा हाय. जावा, घर धरा." तोंडावर काही म्हणजे काही दिसू दिलं नाही. केवढं धाडस हो तुमचं!

का केलंत ते मला कळतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे बेळगावात कारखान्यात लेथवर, मी दांडेलीत कॉलेजच्या ऑफिसात. दोघांच्या दोन खोल्या, आणि रविवारी गुंदला तुमच्या घरी भेट. भेट कसली, भांडणच. मी बेळगावला का यायचं, तू दांडेलीला का नाही येत. एकदा मागच्या पडवीत मी ह्यांना म्हटलं होतं, असंच राहायचं असेल तर लग्न तरी कशाला ठेवायचं, आत्ताच मोडू. तुम्ही आत भाताचं पाणी वेळत होता. तुम्ही ऐकलंत, होय ना? दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, बेळगाव आणि दांडेलीच्या मधल्या रामनगरात घर धरावं का ते विचारायला तुम्ही देवळात गेलात.

मग आम्ही रामनगरात घर बघायला आलो. तिथून बेळगावची बस ह्यांना, दांडेलीची मला. दोघांनाही जवळजवळ सारखाच त्रास, म्हणजे भांडण नाही. हे हातात मोबाईल धरून बसस्टँडपासून प्रत्येक दारापर्यंत किती मिनिटं लागतात ते मोजत होते. मी पहाटे दिवे असतात का ते विचारत होते. तुम्ही मागून येत होता. मामंजी गेल्यावर शेत वाट्यानं लावून तुम्हीही आमच्याबरोबर राहायला येणार होता, पण मोजताना तुम्ही आमच्या ध्यानातच नव्हता.

मागच्या आळीत ते एक घर होतं. पुढं अंगण, शेजारी आपल्याच डोंगराकडचं कुटुंब. ती बाई दारात नाचणी पाखडत होती. तुम्ही तिच्याजवळ टेकलात ते उठेचनात. "हितं बरं वाटतंय गं," म्हणालात. मी काय म्हटलं? म्हटलं, आत्या, इथून स्टँडला दहा मिनिटं जास्त लागतात. जायला दहा, यायला दहा. तुम्ही लगेच उठलात. "व्हय व्हय, तुमची सोय बघा. मला काय, कुठंबी बसले तरी चालतंय."

आणि आम्ही ते खरं मानलं. रस्त्यावरचं हे घर धरलं. समोर दिवसभर ट्रक, खिडकी उघडली की धुरळा. आम्ही दोघं सहाला बाहेर, अंधार पडल्यावर घरात. मधला सगळा दिवस तुम्ही काय करत होता, आत्या? जन्मभर भाताच्या शेतात वाकलेली बाई चार भिंतीत बसून काय करते? मी विचारलं की म्हणायच्या, "टीव्ही हाय की." तुम्हाला टीव्ही लावता येत नव्हता, हे मला शेजारच्या शांताक्कानं तुमच्या बाराव्याला सांगितलं.

रागही येतो मला तुमचा. एकदा तरी म्हणायचं होतंत, मला हे घर नको. मी भांडले असते तुमच्याशी, मला सवयच आहे. पण ऐकलं असतं.

आता मुख्य गोष्ट. इतका वेळ मी इकडंतिकडं करत होते.

तुम्ही गेलात त्या शनिवारी शांताक्काचा पहिला फोन दोनला ह्यांना आला, असं ह्यांना वाटतं. तो दुसरा फोन. पहिला मला आला होता, अकराला. शांताक्का म्हणाली, "आत्तीला घेरी आलीया, दोनदा ओकल्या. दवाखान्यात न्यायला पायजे. येतीस काय?" मी म्हटलं, आज शनिवार, हे अर्ध्या दिवसानं सुटतात, आता निघतीलच, मी सांगते त्यांना.

मी सांगितलंच नाही, आत्या. फोन हातात होता आणि मी केला नाही. त्या महिन्यात तुमच्या गुडघ्यासाठी मी तीनदा रजा काढली होती आणि तुमच्या लेकानं एकदाही नाही. माझ्या मनात आलं, आता एकदा त्याला बघू दे की. येणारच आहे घरी, आला की नेईल. टेबलावर परीक्षेच्या फॉर्मांचा ढीग होता. मी त्यात डोकं घातलं.

हे त्या दिवशी अर्ध्या दिवसानं सुटले नाहीत. जादा काम होतं, पूर्ण दिवस थांबले. त्यांना वाटलं, दांडेली जवळ पडते, काही झालं तर वनिता पोचेल. मला वाटलं, हे पोचतील. दोनला शांताक्कानं ह्यांना फोन केला तेव्हा तुम्ही बोलत नव्हता. हे चारला आले तोवर तुम्ही गेला होता; ह्यांनी कळवल्यावर निघालेली मी साडेचारला आले. अकराला उठले असते तर एकच्या आत तुमच्याजवळ असते.

तेव्हापासून हे जेवायला बसले की एकच बोलतात. "अर्ध्या दिवसानं आलो असतो तर आई हाती लागली असती." ताट तसंच सारतात. तुमची खाट दिसते म्हणून पुढच्या खोलीत बसत नाहीत. ह्या घरात मला राहवत नाही म्हणतात, म्हणून बेळगावात खोली. आणि ते वाक्य मला ऐकवत नाही, म्हणून माझी दांडेलीत. शांताक्काला सगळं ठाऊक आहे. तिनं ह्यांना अजून सांगितलेलं नाही. मीही दीड महिना गप्प आहे. माझी चूक नवऱ्याच्या डोक्यावर ठेवून मी रोज त्याला भात वाढतेय.

काल पायरीवर बसल्या बसल्या रडले ते ह्यासाठी. तुम्ही खोटं बोललात ते आमचं घर व्हावं म्हणून. मी खोटं बोलतेय ते फक्त मला कुणी काही बोलू नये म्हणून.

तुम्ही मला माफ कराल, आत्या? तुम्ही म्हणाल, "जाऊ दे गं पोरी." पण तुम्ही नेहमीच तसं म्हणायच्या. त्यावर विसंबून आता चालणार नाही.

हे पाचच्या बसनं येतील. पायातल्या चपला काढायच्या आधी मी सांगणार आहे. अकराचा फोन, मी काय म्हटलं, का म्हटलं, सगळं. त्यानंतर हे घर राहतं की जातं, मला माहीत नाही. ते ओरडतील, कदाचित ओरडणारही नाहीत, ते जास्त वाईट. पण एवढं वचन तुम्हाला देते. तुमचा लेक ह्या घरातून गेलाच, तर माझ्यावर रागावून जाईल. त्यानं स्वतःवर रागावून जावं, असं मी होऊ देणार नाही.

तुमच्या पाया पडते.

तुमची सून,
वनिता