वाचनालयाची खुर्ची

४ जुलै १९४९, सांगली
आजपासून रोजनिशी. नियम एकच : खोटं लिहायचं नाही.
कॉलेजच्या नव्या वाचनालयात कोणती खुर्ची ठेवायची, ते ठरायचंय. नमुने दोन. एक माझा. इतिहास शिकवत असलो तरी माझा खरा विषय स्थापत्य. दुसरा फिजिक्सच्या नानासोंचा. मी मत्सर करत नाही. स्वभावच नाही.

५ जुलै
नानासोंचा नमुना पाहिला. वेताची बैठक, खाटेएवढी रुंद. हात नाहीत. का, तर आपली माणसं खुर्चीतही मांडी घालतात म्हणे! वाचनालय आहे की पंगत? माझी खुर्ची शास्त्रशुद्ध. पाठ ताठ, बैठक अरुंद, दोन्ही बाजूंना हात. तीत बसलेला माणूस आपोआप विद्वान दिसतो.

७ जुलै
बिराप्पा सुतारानं माझी खुर्ची आणून दिली. म्हणाला, मास्तर, दिसाया लय झ्याक हाय, पर हितं बसनारं मानूस कुठनं आनायचं? त्याला डिझाइन कळत नाही. मग आमच्या विजयमालाबाई बसल्या आणि भाजी करपतेय म्हणून लगेच उठल्या. आज भाजी नव्हतीच. नुसती आमटी होती.

१० जुलै
खुर्चीच्या कमिटीला सल्ला द्यायला मुंबईचे आर्किटेक्ट पाहुणे आले. त्यांना सगळा कॅम्पस मी दाखवला. कमानी, दगडी जिना, व्हरांड्याचे सागवानी खांब. अखंड बोललो. नानासो मागून गप्प चालत होते. गप्प माणसाला लोक उगाच हुशार समजतात. जिन्याखाली पाहुण्यांनी विचारलं, इथं एवढा वारा कसा? मी म्हणालो, गॉथिक परिणाम. नानासो म्हणाले, समोरासमोर खिडक्या आहेत. पाहुणे त्यांच्याकडे बघून हसले. मला काही वाटलं नाही. रात्री जेवण गेलं नाही, पण ते हवेमुळे.

११ जुलै
कमिटी बसली. अक्षरशः. अध्यक्ष हंबीरराव, पलटणीतले रिटायर सुभेदार, आधी माझ्या खुर्चीत. सवयीनं एक पाय वर घेतला आणि गुडघा खुर्चीच्या हाताखाली अडकला. आवं, काडा की मला हितनं, म्हणून ओरडायला लागले. नानासोंनी सोडवलं. मग नानासोंच्या खुर्चीत मांडी ठोकून सुभेदारांनी चहा मागवला, तिथंच तिच्या मंजुरीवर सही केली. पाहुण्यांनीसुद्धा बूट काढून मांडी घातली. मुंबईचा माणूस! फितूर.
मी चहा घेतला नाही. पित्त असावं.
निश्चय : नानासोंशी बोलणं बंद.
पाऊस होता म्हणून त्यांच्याच टांग्यातून घरी आलो. बोललो, पण तुटक.

२० ऑगस्ट
आनंदाची बातमी! प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझी खुर्ची स्वतःच्या ऑफिसात नेली. भेटायला येणाऱ्यांसाठी, टेबलासमोर. नानासोंच्या खुर्च्या पोरांना, माझी थेट प्रिन्सिपॉलसमोर! नानासोंनी हसून अभिनंदन केलं. आतून जळत असणार. मला कळतं ते.

८ सप्टेंबर
ऑफिसचा शिपाई ज्योतिबा भेटला. म्हणाला, मास्तर, तुमची खुर्ची आल्यापास्नं सायबाचं लय ब्येस झालंय. मागाया आल्यालं मानूस बसतंय न बसतंय तवर उठतंय. त्यापायीच आनलीया न्हवं!
हे मी चालवून घेणार नाही. उद्या ठणकावून सांगणार : माझी खुर्ची परत द्या आणि सन्मानानं वाचनालयात ठेवा. मुद्दे आरशासमोर पाठ केले. विजयमालाबाई म्हणाल्या, उभ्यानंच बोला. बायकांना ऑफिसातल्या रीती माहीत नसतात.

९ सप्टेंबर
प्रिन्सिपॉल म्हणाले, बसा ना, निवांत बोला.
बसलो. पहिला मुद्दा निम्मा झाला. कंबर धरली. काही विशेष नाही साहेब, सहज आलो होतो, म्हणालो आणि उठलो.
नियम आहे म्हणून लिहितो. हे सगळं वाचनालयात बसून लिहितोय. मांडी घालून.